पुढचं माझं न्हाई

घाईमावशीला मी बसलेलं पाहिलं ते अगदी शेवटी.

एरवी ती उभीच. चहा उभ्यानं, भाजी निवडणं ओट्याला टेकून, जेवणसुद्धा ताटाभोवती फेऱ्या मारत. कोणाकडे गेली तर चपला काढायची नाही; एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. "बसा की सिस्टर," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसते की, पन आता न्हाई." हे 'आता न्हाई' तिनं माझ्या कळत्या वयापासून चालवलं. कोल्हारात आमच्या आणि तिच्या घरामध्ये एक बोळ आणि एक लिंबाचं झाड एवढंच अंतर. त्या बोळातून ती येताना कधी दिसली नाही. ती आलेलीच असायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती म्हणून गाव तिला सिस्टर म्हणायचं. आईची चर्चमधली मैत्रीण म्हणून मला ती मावशी. घाई हे पद तिनं स्वतःच्या पायांनी मिळवलं होतं, मी फक्त ते जोडून दिलं.

नोकरी संपली तरी तिची फेरी संपली नाही. पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र घालून ती सकाळीच निघायची. ती तब्येत विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. "कसा हाय गुडघा? दुखतच असंल. मीठ कमी कर, आन बसून राहू नको. बसलं की गंजतं मानूस." आपण तोंड उघडेपर्यंत ती पुढच्या घरी पोचलेली. तिच्या हातची सुई कळत नाही, असं लोक कौतुकानं सांगत. मला वाटतं, कळायला वेळच मिळत नसे. चुकायचीही भरपूर. माझा भाऊ सायकलवरून पडला तेव्हा "मुरगळलंय, चालव त्याला," म्हणून तिनं त्याला अंगणात फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर घालावं लागलं. आई चिडली, तर मावशी म्हणाली, "पन चालला का न्हाई?"

आम्ही ख्रिस्ती, पणजोबांच्या आधीपासून. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे घरगुती प्रार्थना असते, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. सतरंजी टाकायची, पेटी काढायची, गाणी, वाचन, मग साक्ष, मग प्रार्थनेचे विषय, आणि शेवटी चहा. साक्ष म्हणजे उठून उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. गाय सुखरूप व्याली इथपासून ऑपरेशन पार पडलं इथपर्यंत काहीही चालतं. विषय म्हणजे अडचण. ती मांडायची आणि सगळ्यांनी डोळे मिटून त्यासाठी मागायचं. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांना हे विचित्र वाटेल, पण आमच्यातल्या बायका बोलायला शिकल्या त्या इथेच. माझी आई सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, पण गुरुवारी तिला थांबवावं लागतं.

मावशीची साक्ष सगळ्यांना पाठ होती. माहेर कर्जतकडचं, तिथली पाण्याची वणवण, नगरला नर्सिंगला आली तेव्हा पायात आलेली पहिली चप्पल. नवरा ट्रकवर होता तो लवकर गेला. मग कोल्हारला बदली आणि कडेवर शमू. तिचा सगळ्यात आवडता प्रसंग नदीला पाणी आलेलं असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केलेल्या बाळंतपणाचा. ती तो नुसता सांगत नसे, करून दाखवायची. "पोरगं रडंना. मी म्हनलं, देवा, तू बघतोयस का झोपलायस? आन मीच रडाया लागले. मला बघून ते रडलं." सगळे हसायचे, डोळेही पुसायचे. आणि मग, गाडी अचानक फाट्यावर थांबावी तशी ती थांबायची. "मग शमू मोठा झाला. पुढचं माझं न्हाई." एवढं म्हणून स्वयंपाकघरात शिरायची, घर कोणाचंही असो, आणि आतून आवाज यायचा, "साखर कुठं ठेवलीस गं?"

लहानपणी मला वाटायचं, साक्षीचा शेवट असाच करायचा असतो, गोष्टीतले राजाराणी सुखानं नांदू लागतात तसा. कॉलेजात गेले तेव्हा कुठे लक्षात आलं की बाकी कोणी असं म्हणत नाही. आणि हेही लक्षात आलं की ती सतरंजीवर कधीच येत नाही. दाराशी उभी राहते, आणि नगर–मनमाड रस्त्यावर गाडीचा वेग जरा कमी झाला की तिची मान वळते.

या मावशीची आणि माझी गाठ खऱ्या अर्थानं पडली ती मी नगरला समाजशास्त्रात एम.ए. करत असताना. एस.टी.च्या पाटीवर अहिल्यानगर आलं असलं तरी कंडक्टर नगरच ओरडतो, म्हणून मीही नगरच म्हणते. शेवटच्या वर्षी एक संशोधन प्रकल्प लिहायचा होता. मी विषय घेतला, गावातल्या ख्रिस्ती बायकांचे प्रार्थनागट. सोपं वाटलं होतं. मुलाखती घेतल्या, 'असे दिसून येते', 'असे म्हणता येईल' अशी वाक्यं पेरली आणि सरांना दिलं. सर तरुण, मन लावून वाचणारे. त्यांनी पानं परत दिली आणि म्हणाले, "यात बायका आहेत, गाणी आहेत, चहासुद्धा आहे. तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, "मी कशाला असेन सर? मी अभ्यास करतेय." तेव्हा त्यांनी मला ऑटोएथनोग्राफी हा शब्द दिला. त्याला मराठी प्रतिशब्द शोधायला मी आठवडाभर घालवला आणि जे सापडलं ते त्याहून अवघड निघालं. अर्थ साधा आहे. स्वतःचं आयुष्य लिहायचं, पण डायरीसारखं नाही. आपल्या आयुष्यातून आपला समाज दिसला पाहिजे, आणि समाजात उभे असलेले आपण. सर म्हणाले, "तू त्या सतरंजीवर वाढलीस. हे लपवून लिहिणं म्हणजे अर्धं खोटं."

झालं, माझी झोप उडाली. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजनं मला 'मी' गाळून लिहायला शिकवलं होतं. आता 'मी' लिहिला की पुढे 'माझी आई' नावाच्या निबंधातली वाक्यं येत. खोलीवरच्या मैत्रिणी परीक्षेचा अभ्यास करत, आणि मी एक ओळ लिहून, ती पुसून, खिडकीशी, मग दाराशी, मग गॅलरीत. एक मैत्रीण म्हणाली, "तू लिहितेस की पहारा देतेस?" मला हसू आलं नाही. मला खरंच कळत नव्हतं की माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे, आणि जे आहे ते लिहिलं तर घरी तोंड कसं दाखवायचं.

शनिवारी घरी आले तेव्हा मावशी बोळातून आलेलीच होती. "तोंड का उतरलंय? झोपत नसशील. मोबाईल कमी कर." मी तिला सगळं सांगितलं. तिनं उंबऱ्यातूनच ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी साक्षच की." मी चिडले. हे संशोधन आहे, साक्ष नाही, साक्षीत शेवटी सगळं देव नीट करतो, आमच्या सरांना शंका हव्या असतात, प्रश्न हवे असतात, असं बरंच काही बोलले. ती चहा पीत ऐकत होती. "सरांना सांग," ती म्हणाली, "शंका आमच्याकडंबी लई हायेत. पन त्या सांगत बसलं तर च्या गार व्हतो." आणि कप ठेवून गेली.

तरी तिनंच मला वाट दाखवली, हे मी कबूल केलं पाहिजे. तिला ठाऊक नसताना दाखवली. मी गुरुवारच्या प्रार्थनेला पुन्हा जायला लागले, वही न घेता. एका गुरुवारी मार्थाकाकूंनी प्रार्थनेचा विषय मांडला, "आपल्या त्या खालच्या आळीतल्या सुनेसाठी, तिचं आणि नवऱ्याचं..." आणि दारातून मावशीचा आवाज आला, "नाव घिऊ नका काकू. देवाला घर ठावं हाय." काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मग आमी मागायचं तरी काय?" "डोळं मिटा आन मागा. आन मागायचं तर आपलं मागा. साक्षबी आपलीच द्यायची. दुसऱ्याची दिली की ती चुगली." त्या दिवशी काकू चहा न घेताच निघाल्या. मला मात्र वाटलं, हे आमच्या सरांना ऐकवायला हवं होतं. पुस्तकांमध्ये यावर पानंच्या पानं आहेत. स्वतःची गोष्ट लिहिताना इतरांची किती लिहायची, हाच तर तिथला मोठा वाद.

मी तिला विचारलं, इतकी का रागावलीस? ती म्हणाली, "चल, पुलापर्यंत जाऊन येऊ." प्रवरेच्या पुलापर्यंत तिच्याबरोबर चालणं म्हणजे पळणं. उसाच्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते, गाण्यांचा दणका लावून, आणि त्या आवाजात ती बोलायला लागली. बहुधा म्हणूनच तिनं ती जागा निवडली असावी.

शमूच्या, तिच्या मुलाच्या, आयुष्यात, मी अगदी लहान असताना, एक गोष्ट घडली होती. काय घडलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. त्यावरच तर पुढे सगळं अडलं. एवढंच सांगते की तो गुन्हा नव्हता. घरातल्या घरात राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. "मला सोसंना गं," मावशी म्हणाली. "त्या गुरुवारी प्रार्थना माझ्याच घरी हुती. विषय इचारले, तवा मी उभी राह्यले आन सगळं सांगितलं. शमूचं नाव घिऊन. समदी जनं रडली. मला बी हलकं वाटलं, इतकं हलकं वाटलं म्हनून सांगू. सकाळी शमू डेअरीवर दूध आनाया गेला, तर तिथला मानूस म्हनतो, 'काळजी करू नको, आमीबी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय.' आन तो तर आपल्यातलाबी न्हवं. मारुतीला नारळ फोडनारा मानूस तो."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. ती हसली नाही. "दुपारच्या पुण्याच्या गाडीनं गेला. दूध तसंच ओट्यावर." थोडं पुढे जाऊन ती म्हणाली, "मी देवापुढं पदर पसरला हुता. तो गावापुढं पसरला गेला, हे मला कळलंच न्हाई." त्यानंतर शमू आला नाही. नाताळला मोबाईलवर चांदणीचं चित्र पाठवायचा, खाली एक शब्द नाही, आणि तिनं फोन केला तर उचलायचा नाही. ते चित्र ती सगळ्या आळीला दाखवत फिरायची, "शमूचा आला." एकदा शेजारच्यांना फोन करून त्यानं निरोप दिला होता, आईला सांगा, गुरुवारी माझी प्रार्थना बंद करा. "त्याला वाटतंय, दर गुरुवारी आमी त्याचंच घिऊन बसतो," मावशी म्हणाली. "मी तवापासून त्याचं नाव काढलं न्हाई. पन हे त्याला सांगायचं कोनी?"

परत येताना मी तिला न विचारताच मनात प्रकरण लिहून काढलं होतं. माझा सगळा प्रकल्प त्या एका गुरुवारवर उभा राहत होता. आमचे गट बायकांना आवाज देतात आणि त्याच आवाजानं घर मोडतं, हे मला कुठल्याच मुलाखतीत मिळालं नव्हतं. घरी पोचता पोचता मी विचारलं, "मावशी, हे लिहू?"

तिनं लगेच उत्तर दिलं, जणू केव्हाचं तयार होतं. "माझं लिही. मी तोंड उघडलं, ते माझं हाय. नाव घालून लिही. शमूचं काय झालं हुतं ते लिहू नको. ते त्याचं हाय."

"पण ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला बोलून ठावं हाय. बोललेलं मानसं इसरत्यात. निम्म्यांना तर आता आठवतबी नसंल. तू लिहिलंस की पक्कं झालं. उद्या त्याच्या हातात पडलं तर त्याला वाटंल, आई आजून सांगतीया. मग चांदनीबी यायची न्हाई."

तिचं म्हणणं मला पटलं आणि तरी मी हट्ट सोडला नाही, असा माझा स्वभाव. सरांना प्रकरण दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "इथे भोक आहे. काय घडलं ते वाचकाला कळलं नाही तर आईनं केलेल्या चुकीचं वजन कसं कळणार? नाव बदल, गाव बदल, पण घटना लिही." सरांचंही चूक नव्हतं. मी घटना लिहून काढली. चांगली उतरली, त्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला भाग तोच होता, आणि हेच मला खात होतं. नाव बदललं, गाव बदललं, आणि वाचून पाहिलं तर कोल्हारातलं कुठलंही पोर मावशीला ओळखेल असं. मी दोन प्रती ठेवल्या, एक घटनेसकट आणि एक घटनेशिवाय, आणि रोज वेगळ्या प्रतीच्या बाजूनं स्वतःशी भांडायला लागले. एम.ए.नंतर पुढे शिकायचं तर हा प्रकल्प चांगला होणं भाग होतं. दुसऱ्या पारड्यात एक चांदणी, तीही माझी नव्हे. सकाळी ठरवलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं.

त्या भांडणात एक गोष्ट मात्र झाली. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मी कुठे आहे? मीही दाराशी आहे. गुरुवारच्या प्रार्थनेत मी लहानपणापासून भिंतीला टेकून, चपलांच्या जवळ बसते. बाकीच्यांसारखं माझं मन त्यात कधी रमलं नाही, गाणी तेवढी आवडतात. मावशी तिथे उभी राहायची कारण कोणीतरी आत येईल अशी तिला आशा होती, आणि मी बसायची कारण मला बाहेर पडायचं होतं, त्या सतरंजीवरून, बोळातून, कोल्हारातून. हे लिहायला मला फार जड गेलं. आई वाचेल याची भीती होती. पण हे माझं होतं, आणि मी ते लिहिलं.

जमा करायची तारीख जवळ आली तेव्हा आईचा फोन आला, मावशीला नगरच्या दवाखान्यातून घरी आणलंय, आता काही उपाय नाही म्हणतात, तिनंच तुला कळवू दिलं नव्हतं, येऊन जा. मी आले तर ती अंगणात खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला नीट टेकलेले, हात मांडीवर, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. तिच्या चपला मी पहिल्यांदाच अशा शेजारी शेजारी पाहिल्या. मला बघून म्हणाली, "बस. मी बी बसलेय बघ." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "रडू नको, नाक चोंदंल," ती म्हणाली. "झालं का तुझं लिहून? वाच."

मी फोनवर फाईल उघडली. खरं सांगायचं तर कुठली प्रत उघडायची हे मी तोवर ठरवलं नव्हतं. घटनेसकटची उघडली गेली. ट्रॉलीतलं बाळंतपण वाचलं तेव्हा तिनं मान डोलावली, एक-दोन ठिकाणी दुरुस्तीही केली, "पोरगं न्हवं, पोरगी हुती ती. मी साक्षीत पोरगं म्हनायचे, लोकान्ला बरं वाटतं." माझ्या दाराशी बसण्याबद्दल वाचलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला ठावं हुतं. तू गात असताना डोळं मिटत न्हाईस." मग मी तिच्या घरच्या त्या गुरुवारापाशी आले. पुढच्या परिच्छेदात शमू होता, सगळाच्या सगळा. रस्त्यावर एक गाडी हळू झाली, आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिची मान वळली. गाडी पुढे गेली. मान परत आली.

मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, "मग शमू मोठा झाला. पुढचं माझं नाही."

तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "जा, च्या टाक. साखर हाय तितंच हाय."

मी प्रकल्प घटनेशिवाय जमा केला. त्या जागी एवढंच लिहिलं की इथे एक गोष्ट आहे आणि ती सांगायचा हक्क मला नाही. सरांनी वाचून विचारलं, "हे धाडस आहे की पळवाट?" गुण बेताचे पडले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी त्याच जागेवर बोट ठेवलं. घटनेसकटची प्रत मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली, आणि नंतर बराच काळ हळहळत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी गेली, दुपारी, आई शेजारी असताना. आई म्हणते, शेवटी तिचे पाय हलत होते, निघाल्यासारखे.

शमूदादाला कोणी कळवलं ते मला माहीत नाही. मातीला तो पोचू शकला नाही. तिच्या घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली होती तेव्हा आला. पोट सुटलेला, कानशिलावर केस पांढरे, आणि तोंडवळा थेट मावशीचा. आत गाणं चाललं होतं. तो अंगणातच पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला, बूट घालून. मी पाणी भरायला बाहेर आले होते. माझ्या आईच्या चेहऱ्यावरून त्यानं मला ओळखलं असावं.

"सलू ना तू? आईवर लिहिलंयस म्हणे."

"आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेवर लिहिलंय. तुझी आई आहे त्यात."

"आन मी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, तयारी होती. इतकी वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली ते आता ऐकूनच जावं, अशी. मला ती पुसलेली प्रत आठवली. ती जमा केली असती तर त्या माणसाच्या तोंडाकडे मी कशी बघणार होते?

"तू नाहीस," मी म्हटलं. "तू लहान असेपर्यंत आहेस. कडेवर."

"मला कशाला बनवतीस? दर गुरुवारी माझंच चालायचं इथं. काय सांगायची ती?"

"कर्जतचं सांगायची. नदीला पाणी आलं त्याचं सांगायची. आणि मग म्हणायची, 'मग शमू मोठा झाला. पुढचं माझं न्हाई.' आणि चहा टाकायला आत जायची."

"आन?"

"आणि काही नाही."

"कधीच न्हाई?"

"त्या एका गुरुवारनंतर कधीच नाही. दुसऱ्या कोणाचंही नाव घेऊ द्यायची नाही. विचार माझ्या आईला. मार्थाकाकूंना विचार, त्यांचा अजून राग आहे."

तो टाकीला हात टेकून उभा राहिला. नळ चालूच होता, घागर भरून पाणी वाहायला लागलं, आणि दोघांपैकी कोणी नळ बंद केला नाही. मग त्यानं खाली वाकून बूट सोडले. दोरीची गाठ त्याला लवकर सुटेना.

हे लिहायला घेण्याआधी मी त्याला पुण्याला फोन केला होता. म्हटलं, मावशीवर लिहितेय, तू येतोस त्यात, काय करू? तो म्हणाला, "मी उभा राह्यलो तिथवर लिही. पुढचं नको." म्हणून तिथवर लिहिते.

आत साक्षी चालू होत्या. गेलेल्या माणसाबद्दल एकेकानं उठून बोलायचं असतं. माझ्या आईचं बोलून झालं, तिला थांबवावं लागलं. मार्थाकाकू उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात शमूदादा उंबरा ओलांडून आत आला. दाराशी थांबला नाही. सतरंजीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्यानं दोन-तीनदा घसा साफ केला.

"मी शमू," तो म्हणाला. "सिस्टरचा मुलगा. मग मी मोठा झालो. पुढचं माझं हाय."

आणि त्यानं ते सांगितलं. काय सांगितलं ते त्याचं आहे. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. त्या दिवशी सगळ्यांचा चहा गार झाला.